चौथा बोल्ट बसत नाही तेव्हा

क्रॉस मेंबर खालून वर चढवला, तीन बोल्ट लागले आणि चौथ्याचे भोक नखभर बाजूला राहिले, असा प्रसंग पुढच्या सस्पेन्शनचे काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मिस्त्रीवर येतो. मग कुणी टॉमी घालून जोर लावतो, कुणी हातोडी उचलतो, आणि घाई फारच असेल तर ड्रिल बाहेर निघते. यातले बहुतेक कष्ट वाया जातात. भोक जुळत नाही तेव्हा गाडीतला कुठला तरी दुसरा भाग क्रॉस मेंबरला एका बाजूला ढकलत किंवा ओढत असतो. तो भाग ओळखून त्याचा भार काढला, की तोच बोल्ट बोटांनी फिरवून आत जातो. धाराशिव जिल्ह्यात दोनपोस्टी लिफ्ट असलेली गॅरेजे मोजकी आहेत. बाकी सगळीकडे पत्र्याची शेड, दोन-तीन जॅक, कुठे जमिनीतला खड्डा आणि भरपूर हातकौशल्य यांवर काम चालते. तेवढ्या साधनांत हे काम नीट कसे करावे, हे इथे सांगतो.

हा भाग नेमका कोणता

बोलेरो किंवा ट्रॅक्ससारख्या गाड्यांना खाली शिडीसारखी चासी असते आणि आडव्या पट्ट्या त्या चासीचाच भाग असतात. स्विफ्ट, डिझायर, आय-टेन अशा गाड्यांना वेगळी चासी नसते. बॉडी हाच सांगाडा. अशा बॉडीच्या पुढच्या भागाखाली दाबलेल्या जाड पत्र्याची एक आडवी चौकट बोल्टने लावलेली असते. तिलाच कुणी क्रॉस मेंबर म्हणतो, कुणी सबफ्रेम, कुणी के-फ्रेम. दोन्ही बाजूंचे लोअर आर्म तिला जोडलेले असतात. बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगचा रॅक, स्टॅबिलायझर बार आणि इंजिनचे मागचे फाउंडेशनही तिच्यावरच असते.

म्हणजे पुढच्या दोन्ही चाकांची खालची जागा ही चौकट ठरवते. ती बॉडीखाली थोडी सरकली तरी दोन्ही चाके तिच्याबरोबर सरकतात.

इथे तो उतरवावा का लागतो

पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या अनेक गाड्यांत क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स काढावा लागतो, आणि गिअरबॉक्सला वाट करून द्यायला क्रॉस मेंबर खाली घ्यावा लागतो. आपल्याकडे हेच सर्वांत नेहमीचे कारण. तुळजापूरच्या घाटात आणि नवरात्रातल्या गर्दीत अर्ध्या क्लचवर चालणाऱ्या भाड्याच्या गाड्यांच्या क्लच प्लेटा लवकर संपतात.

दुसरे कारण रस्ते. सोलापूर ते धुळे हा राष्ट्रीय महामार्ग 52 तुळजापूर, धाराशिव, येडशी असा जिल्ह्याच्या मधून जातो. पुणे-हैदराबाद महामार्ग नळदुर्ग आणि उमरग्यावरून जातो. या दोन मोठ्या रस्त्यांवर गाडी वेगात असते, आणि तिथून उतरून भूम, परंडा, लोहारा, कळंबच्या गावरस्त्याला लागली की उंच गतिरोधक आणि उघडी खडी सुरू होते. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याच्या कडा खचवलेल्या असतात. वेगात आलेले चाक अशा खचलेल्या कडेवरून खाली आदळले, की मार थेट लोअर आर्मवर आणि तिथून क्रॉस मेंबरवर येतो. खालून दगड लागून पत्रा आत गेलेला क्रॉस मेंबर एम.एच. 25 पासिंगच्या गाड्यांत मी बऱ्याचदा पाहिला आहे.

खोलण्याआधी

जुळवणीचे अर्धे काम खोलण्याच्या आधीच होते. बोल्टचे डोके आणि त्याभोवतीचा पत्रा तारेच्या ब्रशने साफ करावा आणि क्रॉस मेंबरची कड बॉडीवर जिथे टेकते तिथे टोकदार सळईने बारीक रेघ ओढावी. खडूची खूण पुसली जाते, रेघ राहते. मोबाइलने चारही कोपऱ्यांचे फोटो घ्यावेत. जुना बोल्ट काढला की त्याच्या वायसरखाली चमकणारा गोल ठसा दिसतो. चौकट इतकी वर्षे नेमकी कुठे बसली होती याचा तो सर्वांत भरवशाचा पुरावा आहे. तो ग्रीसने किंवा रंगाने झाकू नये.

बोल्ट कुठला कुठे होता हेही लिहून ठेवावे. पुढचे आणि मागचे बोल्ट लांबीने वेगळे असणे अगदी नेहमीचे आहे. आखूड बोल्ट चुकीच्या जागी लागला तर दोनच आटे धरतो, आणि लांब बोल्ट तळाला टेकून घट्ट झाल्यासारखा भासतो.

रॅक क्रॉस मेंबरवर असेल तर स्टिअरिंगचा दांडा रॅकपासून सोडवावा लागतो. त्याआधी चाके सरळ करून स्टिअरिंग लॉक करावे आणि दांड्याच्या सांध्यावर खूण करावी. एअरबॅग असलेल्या गाडीत स्टिअरिंगच्या चाकाच्या आत गुंडाळलेली चपटी वायर असते. दांडा सुटल्यावर कुणी स्टिअरिंग मोकळे फिरवले तर ती वायर तुटते आणि हजारोंचा भुर्दंड बसतो.

भोक सरकते कशाने

माझ्या मते या साऱ्या कामात हाच भाग नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण इथले उत्तर सापडले की पुढे जोर लावायची गरज फारशी राहत नाही.

पहिला संशय इंजिनवर घ्यावा. मागचे फाउंडेशन सुटले की इंजिन आणि गिअरबॉक्स उरलेल्या दोन फाउंडेशनवर झोके घेतात आणि मागून खाली किंवा पुढे झुकतात. पुन्हा जोडताना फाउंडेशनचा बोल्ट आधी लावला तर पूर्ण इंजिनचे वजन क्रॉस मेंबरला पुढे-मागे ओढत राहते. अशा वेळी गिअरबॉक्सखाली जाड लाकडी ठोकळा ठेवून जॅकने इंजिन पाच-दहा मिलिमीटर वर घ्यावे, मग थोडे खाली सोडावे, आणि दुसऱ्याने भोकावर नजर ठेवावी. भोक सरकताना दिसले तर दोषी सापडला. इंजिन ऑइल चेंबरवरून उचलू नये. पातळ पत्रा आत जातो.

दुसरा संशय लोअर आर्मवर. चाक लोंबकळत असताना स्ट्रट पूर्ण लांब होतो आणि बॉलजॉइंटमधून आर्मला खाली-बाहेर ओढतो. डाव्या-उजव्या बाजूची ओढ सारखी नसते, त्यामुळे चौकट एका अंगाला जाते. यावर उपाय सोपा आहे: क्रॉस मेंबरचे सगळे बोल्ट लागेपर्यंत दोन्ही बॉलजॉइंट सुटेच ठेवावेत. चार मिनिटे वाचवण्यासाठी ते न सोडता काम करणारा पुढे तासभर टॉमीशी झुंजतो.

तिसरा स्टॅबिलायझर बार. एक चाक वर आणि दुसरे खाली असेल तर तो पिळला जातो आणि त्या पिळाने चौकट तिरकी उचलतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या लिंक काढून ठेवाव्यात.

चौथे कारण डोळ्यांना दिसत नाही, आणि आपल्याकडच्या शेडमध्ये तेच बऱ्याचदा नडते. गाडी एकाच कोपऱ्यावर जॅक लावून उचलली, किंवा चार स्टँडपैकी एक मुरमात खचला, की बॉडी स्वतःच किंचित पिळते. बॉडीवरची भोके आणि चौकटीवरची भोके मग एका पातळीत राहत नाहीत. पुढचे दोन्ही स्टँड सारख्या उंचीवर आहेत का, हे पाण्याची नळी धरून किंवा साध्या टेपने जमिनीपासून मोजून पाहावे. मुरमाच्या किंवा काळ्या मातीच्या जमिनीवर प्रत्येक स्टँडखाली लोखंडी प्लेट किंवा जाड फळी हवीच. फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही शिरू नये, मालकाने कितीही घाई केली तरी. नव्या पोराच्या हाती पाना देण्याआधी त्याला स्टँड लावायला शिकवावे, असे मी आग्रहाने म्हणेन.

बाकी किरकोळ कारणे झटकन तपासता येतात: सायलेन्सरचा पाइप चौकटीत अडकलेला, ब्रेकचा होज किंवा वायर मधे चेपलेली, स्टिअरिंगच्या दांड्याचे दाते न बसता टेकलेले, जुना वायसर बॉडीला चिकटून राहिलेला.

हे सगळे तपासूनही भोक जुळले नाही, तर चौकट किंवा बॉडी वाकली आहे का ते मोजावे. चौकट जमिनीवर ठेवून एका कोपऱ्याच्या भोकापासून समोरच्या तिरक्या भोकापर्यंत टेप धरावा, मग दुसरा कर्ण मोजावा. डावी-उजवी बाजू सारखी असणाऱ्या चौकटीत दोन्ही मापे सारखी यायला हवीत. बॉडी दुरुस्तीच्या कामात साधारण 3 मिलिमीटरपर्यंतचा फरक चालवून घेतात. त्याहून जास्त आला तर जोर लावून बसवण्यात अर्थ नाही. वाकलेली चौकट गरम करून सरळ करण्यापेक्षा बदललेली बरी, कारण गरम केलेला पत्रा त्याची मूळ ताकद टिकवत नाही. सुटा भाग सोलापूर किंवा लातूरहून मागवायला दोन दिवस जातील; ते जाऊ द्यावेत.

भोकात मोकळीक का ठेवलेली असते

एम12 बोल्टला, म्हणजे 12 मिलिमीटर जाडीच्या बोल्टला, मध्यम बसणीचे प्रमाणित भोक 13.5 मिलिमीटरचे असते आणि सैल बसणीचे 14.5. एम14 ला हीच मापे 15.5 आणि 16.5. कारखान्यात हजारो बॉड्या आणि हजारो चौकटी एकमेकींना बसायच्या, म्हणून ही मोकळीक लागते. अनेक गाड्यांत एक भोक गोल आणि नेमके ठेवतात आणि बाकीची लांबट किंवा मोठी ठेवतात. नेमक्या भोकाने जागा ठरते, बाकीची फक्त धरून ठेवतात. काही गाड्यांत बोल्टशेजारी वेगळे छोटे भोक दिसते. त्यात खुंटी घालून चौकट मध्यावर आणायची असते. अशी भोके बहुतेकदा मातीने बुजलेली असतात, म्हणून ती कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

या मोकळिकीमुळेच सगळे बोल्ट लागले म्हणजे चौकट जागेवर आली, असे धरता येत नाही. ती एका बाजूला दोन मिलिमीटर सरकलेली असूनही चारही बोल्ट सहज लागू शकतात. सुरुवातीला ओढलेली रेघ आणि वायसरचा ठसा इथे कामी येतात.

चढवण्याचा क्रम

लाकडी दिवाण जोडताना एक कोपरा आधी करकचून आवळला की शेवटचा खाचेत बसत नाही. चौकटीचेही तसेच आहे. म्हणून सगळे बोल्ट बोटांनी तीन-चार आटे लागल्याशिवाय एकालाही पाना लावू नये.

दोन जॅक आणि आडवी फळी घेऊन चौकट सपाट वर न्यावी, बॉडीपासून एक-दोन सेंटिमीटर खाली थांबावे आणि वायर, होज, स्टिअरिंगचा दांडा पाहून घ्यावा. सुरुवात नेमक्या भोकापासून करावी. तिथला बोल्ट सैल लावला की त्याच्याभोवती चौकट फिरवता येते. नंतर तिरक्या समोरचा, मग उरलेले दोन. चौकट घट्ट टेकवण्याची घाई करू नये. थोडी लोंबकळत असताना ती हाताने हलते; बॉडीला दाबून बसली की घर्षणाने अडकते आणि मग टॉमीलाही दाद देत नाही.

भोके एका रेषेत आणायला निमुळता पंच लागतो. तो तिरका घालून सरळ केला की भोक भोकासमोर येते. याहून चांगले साधन गॅरेजमध्ये फुकटात बनते. त्याच मापाचा आणि त्याच आट्यांचा जुना लांब बोल्ट घ्यावा, डोके कापावे, टोक ग्राइंडरवर निमुळते करावे आणि दुसऱ्या टोकाला पेचकसासाठी खाच मारावी. असे दोन बोल्ट बॉडीच्या नटांत आधीच लावून ठेवले की चौकट त्यांच्यावर सरकत वर येते. बाकीचे बोल्ट लागले की हे काढून खरे बोल्ट घालायचे. चौकट आडवी ओढायची असेल तर ट्रकवाले माल बांधायला वापरतात तो खटक्याचा पट्टा बॉडीच्या मजबूत भागाला लावून हळूहळू ताणावा. त्याने ती मिलिमीटर-मिलिमीटरने सरकते आणि तिथेच थांबून राहते. टॉमी सोडली की चौकट परत जाते.

भोक जुळले का हे बोट घालून कधीच पाहू नये. चौकट अचानक सरकली तर दोन पत्र्यांच्या कडांमध्ये बोट कापले जाते. बॅटरी लावून पाहावे किंवा पंच घालून अंदाज घ्यावा.

काळी माती आणि आटे

बॉडीच्या बाजूचे नट पोकळ पेटीत वेल्ड केलेले असतात. मांजरा काठच्या काळ्या रानातून येणाऱ्या गाड्यांत ही पेटी मातीने ठासून भरते. ओली असताना ती चिकटते, उन्हाळ्यात वाळून विटेसारखी कडक होते आणि आट्यांत रुतते. मग बोल्ट दोन फेऱ्यांत जड होतो, आणि भोक जुळले नाही असा गैरसमज होतो. आधी हवेचा झोत मारावा, मग त्याच मापाचा टॅप हाताने फिरवावा. जपानी आणि कोरियन घडणीच्या गाड्यांत 12 मिलिमीटरच्या बोल्टला 1.25 चे बारीक आटे नेहमी आढळतात, तर दुकानात सहज मिळणाऱ्या बोल्टला 1.75 चे जाड आटे असतात. हे दोन एकमेकांत दीड फेरी जातात आणि तिथेच दोघांचेही नुकसान करून अडकतात. शंका असेल तर काढलेला बोल्टच दुकानात नमुना म्हणून न्यावा.

बोल्ट तिरका लागतोय असे वाटले तर एकदा उलटा फिरवावा. आट्याचे तोंड आट्यावर आले की बारीक टक्क असा झटका बोटांना जाणवतो. तिथून सरळ फिरवला की बोल्ट हलका जातो. इम्पॅक्ट गनला हे कळत नाही, म्हणून पहिल्या चार फेऱ्या बोटांनीच.

आतला वेल्ड नट तुटून फिरू लागला तर काम वाढते. पेटीला खिडकी कापून नट पुन्हा वेल्ड करावा लागतो आणि ते चांगल्या वेल्डरचे काम आहे.

ड्रिल आणि कानस लांब ठेवा

भोक थोडे खाऊन बोल्ट घालायचा मोह मोठा असतो, आणि त्याने बोल्ट खरेच लागतो. बिघाड नंतर दिसतो. चौकट बोल्टच्या अंगाला टेकून उभी नसते. बोल्टच्या दाबाने निर्माण होणाऱ्या घर्षणाने ती धरलेली असते. 10.9 दर्जाचा बारीक आट्यांचा एम12 बोल्ट नीट कसला तर दोन पत्रे एकमेकांवर पाच टनांच्या आसपासच्या जोराने दाबतो. भोक लांबवले की वायसरखालचा टेकू कमी होतो, पत्रा दबतो, बोल्टचा ताण उतरतो, आणि येडशीच्या चढावरून उतरताना ब्रेक मारला की खालून ‘खट’ असा आवाज येऊ लागतो. त्यापुढे ती चौकट कुठे बसवायची याचा पत्ताच राहत नाही, कारण नेमके भोकच नाहीसे झालेले असते.

बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असा आकडा असतो. 10.9 च्या जागी 8.8 घालू नये. पहिला साधारण 1,000 मेगापास्कल ताण सोसतो, दुसरा 800.

कसायचे कसे

सगळे बोल्ट सैल लागले, चौकट रेघेवर आली, की तिरक्या क्रमाने थोडे थोडे कसावे. अर्ध्या जोरावर थांबून रेघ पुन्हा पाहावी, कारण बोल्ट फिरताना चौकटीलाही आपल्याबरोबर ओढतो. शेवटचा जोर टॉर्क रेंचनेच द्यावा आणि आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्यावा. शेजारच्या गाडीचा चालत नाही. आपण लावलेल्या जोरापैकी जवळजवळ नव्वद टक्के जोर घर्षणात जातो आणि दहाएक टक्केच बोल्टला ताणतो. त्यामुळे कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा ऑइल लावलेल्या आट्यांना वापरला तर बोल्ट हद्दीपलीकडे ताणला जातो. कंपनीने एकदाच वापरायचे म्हटलेले बोल्ट नवेच घ्यावेत.

लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट मात्र या वेळी सैलच ठेवावेत. बुशमधले रबर आतल्या नळीला चिकटलेले असते. चाक लोंबत असताना तो बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर येताच रबर पिळते आणि तसेच पिळलेले राहते. नवीन बुश काही महिन्यांत फाटतो आणि दोष सुट्या भागाला दिला जातो. चाके लावून गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर उभी करावी, बॉनेट दोन-चार वेळा दाबावे आणि मगच हे बोल्ट कसावेत.

अलाइनमेंटच्या कागदावर काय पाहायचे

चौकट उजवीकडे सरकली तर उजव्या चाकाचा तळ बाहेर जातो आणि डाव्याचा आत. स्ट्रटच्या वरच्या टोकापासून बॉलजॉइंटपर्यंत 60 सेंटिमीटर उंची धरली, तर 3 मिलिमीटर सरकण्याने प्रत्येक चाकाचा कॅम्बर सुमारे 0.3 अंशाने बदलतो, आणि दोन्हींत मिळून 0.6 अंशाचा फरक पडतो. गाडी ज्या चाकाचा कॅम्बर जास्त धन असतो त्या बाजूला ओढते, म्हणजे या उदाहरणात डावीकडे. चौकट तिरकी बसली तर एक चाक पुढे आणि एक मागे जाते, आणि कॅस्टरमध्ये फरक दिसतो.

बहुतेक लहान गाड्यांत अलाइनमेंटवाला टायरॉडने फक्त टो जुळवू शकतो. कॅम्बर आणि कॅस्टर बदलायला तिथे सोय नसते. म्हणून मशीनचा छापील कागद मागून घ्यावा. दोन्ही बाजूंचा टो हिरवा असेल, पण एका चाकाचा कॅम्बर वर आणि दुसऱ्याचा तितकाच खाली असेल, तर गाडी गॅरेजमध्ये परत आणावी, क्रॉस मेंबरचे बोल्ट अर्धे सैल करून चौकट सरकवावी आणि पुन्हा मोजावे. हे काम मिस्त्रीने मोबदला न घेता करून द्यावे असे मला वाटते, आणि ग्राहकानेही त्यासाठी अर्धा दिवस खुशीने द्यावा.

शेवटी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून बाजूच्या पत्र्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवावी. पुढच्या वेळी ऑइल बदलायला गाडी खड्ड्यावर आली, की ती रेघ अखंड आहे का ते पाहायला एक मिनिटही लागत नाही.